रक्त पिताना गोचिडीच्या आतड्यातील कोणती जनुके चालू होतात, आणि ती बंद पाडून गोचीड मारता येईल का?

आपला प्रश्न असा आहे की, गायीच्या अंगावरची गोचीड स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त पिते, तर ते पचवताना तिच्या आतड्यातील कोणती जनुके चालू होतात, आणि त्यांची यादी हाती आली म्हणजे गोचीड मारण्याचा उपायही हाती येणार नाही का. पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मी दीड-दोन वर्षे गोचिडींची आतडी काढून त्यांतून आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जनुकांच्या पेशीत निघणाऱ्या प्रती, वेगळा करण्याचे काम केले आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो. अशी यादी करता येते, आणि अनेक प्रयोगशाळांनी ती केलीही आहे. परंतु यादीत ठळकपणे दिसणारी जनुके आणि गोचिडीचे खरे मर्मस्थान या दोन गोष्टी बहुतेक वेळा एका ठिकाणी सापडत नाहीत, असे माझे मत झाले आहे. ते का, हे सांगण्यासाठी आतड्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

मी जिच्याविषयी लिहीत आहे ती ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही गोचीड होय. जुन्या पुस्तकांत ती बूफिलस मायक्रोप्लस या नावाने आढळते. आपल्याकडील गुरांवर, विशेषतः संकरित गाईंवर, ती सर्रास दिसते. (थायलेरिया या परोपजीवीमुळे होणारा ‘गोचीडताप’ मात्र हायलोमा या वेगळ्या गोचिडीमुळे पसरतो, गोठ्यात दोन्ही एकत्र असल्याने पुष्कळदा गल्लत होते.) मायक्रोप्लसची आणखी एक गंमत अशी की ती मूळची आशियातली, गुरांबरोबर ती ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि अमेरिकेत पोहोचली, आणि तिच्या आतड्यावरचे बरेचसे मूलभूत संशोधन ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात झाले. ऑस्ट्रेलियातील गोचिडीला तर २०१२ पासून ऱ्हिपिसेफॅलस ऑस्ट्रॅलिस असे वेगळे नाव मिळाले आहे, त्यामुळे जुने शोधनिबंध वाचताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

ही गोचीड सहा पायांच्या डिंभावस्थेत एकदा जनावराला चिकटली की दोनदा कात टाकून प्रौढ होईपर्यंत त्याच जनावरावर राहते आणि साधारण तीन आठवड्यांनी मादी टरारून फुगून खाली पडते. प्रौढ मादीचे रक्त पिणे सारख्या वेगाने चालत नाही. आरंभीचे काही दिवस ती हळूहळू पिते आणि वाढते. नराशी मीलन झाल्यावर शेवटच्या सुमारे २४ तासांत ती एकदम भरते. काही मिलिग्रॅम वजनाची मादी दोनशे मिलिग्रॅमच्या पुढे जाते ती मुख्यतः या एका दिवसात. त्यानंतर ती जमिनीवर आडोशाला जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. म्हणजे तिच्या आतड्याला आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात दोन निरनिराळी कामे करावी लागतात: आधी शरीर वाढवण्यापुरते पचवायचे, आणि मग साठवलेल्या रक्ताची अंडी करायची.

आता पचनाकडे वळू. डासाच्या पोटात विकरे आतड्याच्या पोकळीत स्रवतात आणि रक्त तिथेच पचते. गोचिडीत असे होत नाही. तिच्या आतड्याची पोकळी ही मुख्यतः कोठार असते. अस्तरातील पेशी रक्तातील प्रथिने स्वतःच्या आत ओढून घेतात आणि पेशीच्या आतील आम्लधर्मी पुटिकांमध्ये ती फोडतात. हे काम कॅथेप्सिन डी, कॅथेप्सिन एल, लेग्युमेन, कॅथेप्सिन बी आणि कॅथेप्सिन सी अशा विकरांच्या मालिकेकडे असते. पहिली तिघे हिमोग्लोबिनचे मोठे तुकडे करतात, पुढची दोन त्या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करतात. या साखळीचा सर्वांत नेटका आराखडा युरोपातील इक्सोडिस रिसिनस या गोचिडीत चेक शास्त्रज्ञांनी २००९ साली मांडला, आणि मायक्रोप्लसच्या आतड्यातही याच कुळांतील विकरे सापडलेली आहेत. रक्त पोकळीत गोठू नये यासाठी बूफिलिनसारखी, रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन या विकराला अडवणारी प्रथिने आतड्यात तयार होतात. गोठलेल्या रक्ताची गुठळी पेशींना गिळता आली नसती.

तेव्हा ‘कोणती जनुके चालू होतात’ याचे पुस्तकी उत्तर असे: पचनाची विकरे, विकरांना आवर घालणारी प्रथिने, पदार्थ पेशीच्या आतबाहेर नेणारी वाहक प्रथिने, पाण्याचे मार्ग, लोह आणि हीम सांभाळणारी प्रथिने, आणि ऑक्सिजनच्या दाहक रेणूंपासून वाचवणारी विकरे. दक्षिण आफ्रिकेतील एका गटाने २०१३ मध्ये रक्त पिणाऱ्या मायक्रोप्लस माद्यांचे वेगवेगळे अवयव सोडवून, कोणत्या अवयवात कोणती जनुके बोलकी आहेत हे मायक्रोअ‍ॅरेने, म्हणजे हजारो जनुकांचा आरएनए एकाच वेळी मोजणाऱ्या पट्टीने, तपासले. असा तौलनिक अभ्यास उपयोगाचा असतो, कारण एखादे जनुक आतड्यात भरपूर व्यक्त होत असले तरी ते लाळग्रंथीतही तितकेच व्यक्त होत असेल, तर त्यावरून आतड्याचे असे काही विशेष कळत नाही.

या यादीतील मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हीमचा आहे, आणि तिथे थोडे रेंगाळण्याची परवानगी घेतो. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहयुक्त हीमचे चार रेणू असतात. प्रथिन पचले की हे हीम मोकळे होते, आणि मोकळे हीम पेशीच्या पटलांना विषासमान असते. आपल्या शरीरात हीम ऑक्सिजनेज नावाचे विकर त्याचे तुकडे करते. जखमेभोवतीचा काळानिळा डाग हिरवट-पिवळा होत जातो तो त्याच कामामुळे. गोचिडीकडे ते विकर नाही. ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवले की मायक्रोप्लसच्या आतड्यातील पेशी बहुतेक हीम ‘हीमोसोम’ नावाच्या खास कप्प्यात गोळा करून घट्ट गाठीच्या रूपात ठेवतात. पेशीतला हा उकिरडा जसजसा भरतो तसतशी पेशी काळी पडते. फुगलेल्या गोचिडीचे आतडे उघडल्यावर जो गडद तपकिरी, जवळजवळ डांबरासारखा रंग दिसतो त्यात या साठ्याचा मोठा वाटा असतो.

याला दुसरी बाजूही आहे. याच देशातील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये असे दाखवून दिले होते की मायक्रोप्लसला हीम स्वतः तयार करताच येत नाही. अंड्यात भरलेले सगळे हीम गायीच्या रक्तातून आलेले असते. ज्या पदार्थाच्या अतिरेकाने ती मरेल त्याच पदार्थावाचून तिचा वंशही चालणार नाही, अशी तिची गत आहे. म्हणून आतड्यातील पेशी थोडे हीम राखून ते वाहक प्रथिनांच्या स्वाधीन करतात आणि उरलेले गाडून टाकतात. आणखी एक बारकावा: हिमोग्लोबिन फुटताना तयार होणारा त्याचा एक तुकडा जिवाणूंना मारतो, हेही १९९९ मध्येच मायक्रोप्लसच्या आतड्यातून सिद्ध झाले. म्हणजे गायीच्याच प्रथिनापासून गोचिडीला जंतुनाशक मिळते, आणि त्यासाठी गोचिडीच्या स्वतःच्या जनुकसंचात त्या पदार्थाचे जनुक शोधायला गेलो तर ते कधीच सापडणार नाही. जनुकांच्या यादीवर किती विसंबावे, याचा हा माझ्या मते पहिला इशारा आहे.

दुसरा इशारा मला स्वतःच्या हातून मिळाला. मादीला थंड द्रावणात मेणाच्या थाळीवर टाचून, पाठीचे आवरण कडेने कापून, फाटे फुटलेले आतडे चिमट्याने उचलायचे असते. माझ्या पहिल्या काही नमुन्यांत मी आतडे नीट धुतले नव्हते, आणि मोठ्या हौसेने तपासायला पाठवलेल्या नमुन्यांत गायीचाच आरएनए खच्चून भरलेला निघाला. गायीच्या तांबड्या पेशींना केंद्रक नसते, परंतु पांढऱ्या पेशींना असते आणि त्यांचा आरएनए आतड्याच्या पोकळीत काही काळ टिकतो. पुढे मी प्रत्येक आतडे तीन वेळा धुऊ लागलो, पण तसे केल्यावर अस्तरातील सैल झालेल्या पेशीही धुतल्या जातात. अस्तरातील पेशी सर्व सारख्या नसतात: काही लहान, राखीव, अजून कामाला न लागलेल्या, काही पचनात गढलेल्या, काही हीमने काठोकाठ भरून पोकळीत गळून पडण्याच्या बेतात. उपाशी मादीच्या आतड्यात पहिल्या प्रकारच्या पेशी जास्त, आणि चार दिवस प्यायलेल्या मादीत दुसऱ्या प्रकारच्या जास्त. त्यामुळे संपूर्ण आतड्याचा आरएनए मोजून ‘कॅथेप्सिन एल दहापट वाढले’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा प्रत्येक पेशीने उत्पादन वाढवले की उत्पादन करणाऱ्या पेशींचीच संख्या वाढली, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. मोजमापाचा आधार म्हणून जे जनुक धरायचे तेही स्थिर असावे लागते. २००९ मध्ये झालेल्या एका तपासणीत मायक्रोप्लससाठी ‘इलाँगेशन फॅक्टर वन अल्फा’सारखी जनुके स्थिर ठरली; परंतु सवयीने कोणतेही ‘घरगुती’ जनुक, म्हणजे पेशीच्या रोजच्या कामासाठी सतत चालू राहणारे जनुक, आधाराला घेतले, तर फुगत जाणाऱ्या अवयवात तो आधारच सरकतो आणि उरलेले सगळे आकडे त्याच्यासोबत सरकतात.

वेळेचा मुद्दाही इथेच सांगतो. ऑस्ट्रेलियात १९८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या अभ्यासातून दिसले की मायक्रोप्लसच्या मादीचे पचन अखंड चालत नाही: हळू पिण्याच्या काळात ते सुरू असते, झपाट्याने भरण्याच्या शेवटच्या दिवसात मंदावते आणि गळून पडल्यानंतर पुन्हा जोर धरते. म्हणून पोटात सर्वांत जास्त रक्त असलेल्या मादीत पचनाची जनुके सर्वांत जास्त चालू असतील, हा अंदाज चुकतो. त्या शेवटच्या दिवसात आतड्यापुढचा मुख्य प्रश्न पाण्याचा असतो. प्यायलेल्या रक्तातील बरेचसे पाणी आतड्यातून शरीरात येते आणि लाळेवाटे परत गायीच्या अंगात सोडले जाते. घट्ट केलेला ऐवज मागे राहतो. मीलन होऊन मादी भरल्यावर तर आतड्याचे कामच बदलते. डर्मासेंटर व्हेरिएबिलिस या अमेरिकन गोचिडीत अंड्यातील बलकाच्या प्रथिनाचे जनुक चरबीच्या पेशींबरोबर आतड्यातही व्यक्त होताना दिसले आहे. पचन करणारा अवयव अशा रीतीने प्रजननाच्या सेवेला लागतो. एखाद्या निबंधात नुसते ‘रक्त प्यायलेली मादी’ असे लिहिले असेल आणि तिचे वजन किंवा दिवस दिलेला नसेल, तर मी तो निबंध बाजूला ठेवतो.

आता उपायाकडे येऊ. आतड्यातील जनुकांच्या यादीतून उपाय निघाल्याचे एक चांगले उदाहरण आहे, आणि ते पाण्याच्याच मार्गाचे आहे. मायक्रोप्लसच्या आतड्यात व्यक्त होणाऱ्या जनुकांतून अ‍ॅक्वापोरिनचे, म्हणजे पेशीपटलातून पाणी नेणाऱ्या प्रथिनाचे, एक जनुक निवडले गेले. त्याच्या प्रथिनाची लस ब्राझीलमध्ये गुरांना टोचली असता दोन चाचण्यांत गोचिडींचे प्रमाण ७५ आणि ६८ टक्क्यांनी घटले. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु गोचिडीविरुद्धची जी लस प्रत्यक्ष बाजारात आली तिचा मार्ग उलटा होता. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी गोचिडींच्या अर्काचे एकेक भाग करत गुरांना टोचून पाहिले, जो भाग उपयोगी पडला त्याचे आणखी भाग केले, आणि अखेर १९८९ मध्ये बीएम८६ नावाचे एक प्रथिन त्यांच्या हाती लागले. ते आतड्याच्या पचनपेशींच्या पृष्ठभागावर असते. गाय नेहमी गोचिडीची लाळ अनुभवते, आतडे कधीच नाही. म्हणून या प्रथिनाविरुद्ध तिच्या रक्तात आपोआप प्रतिपिंडे तयार होत नाहीत. लस टोचल्यावर ती तयार होतात, रक्ताबरोबर गोचिडीच्या पोटात जातात आणि आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांची हानी करतात. आतडे झिरपू लागते, गायीचे रक्त गोचिडीच्या शरीरात उतरते आणि काही माद्या बाहेरूनही लालसर दिसू लागतात. क्यूबात ही लस १९९३ मध्ये गावाक या नावाने आणि ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये टिकगार्ड या नावाने आली. बीएम८६ उपयोगी ठरले ते रक्त पिताना त्याची अभिव्यक्ती कितीपट वाढते म्हणून नव्हे. ते प्रतिपिंडांच्या हाताला लागेल अशा जागी बसलेले आहे म्हणून. जागा ही गोष्ट आरएनएच्या आकड्यात दिसत नाही.

आपण ‘जनुके बंद पाडणे’ असे म्हणता, तर प्रयोगशाळेत तेही करता येते. एखाद्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए गोचिडीला टोचला की ते जनुक मूक होते. २००७ मध्ये मायक्रोप्लसवर केलेल्या प्रयोगांत असा आरएनए फुगलेल्या माद्यांना टोचल्यावर त्यांच्या अंड्यांत आणि डिंभांतही ते जनुक मूक झाल्याचे दिसले. सबोलेसिन या जनुकाबाबत तर अंडीच विकृत निघाली. कोणते जनुक कशासाठी आहे हे ठरवायला ही पद्धत फार चांगली आहे. गोठ्यातील हजारो गोचिडींना मात्र सुईने टोचता येत नाही, आणि औषधाच्या रूपाने हा आरएनए आतड्यातील पेशींपर्यंत शाबूत पोहोचवणे हा निराळाच प्रश्न आहे.

माझ्या सुरुवातीच्या विधानाचा खरा आधार एका वेगळ्या प्रयोगात आहे, म्हणून तो मी मागे ठेवला होता. चेक शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये इक्सोडिस रिसिनसच्या माद्यांना कृत्रिम पडद्यातून दोन प्रकारचे अन्न दिले: काहींना पूर्ण रक्त, काहींना हिमोग्लोबिन नसलेला रक्तद्रव. रक्तद्रवावरच्या माद्या व्यवस्थित फुगल्या, त्यांनी अंडीही घातली; पण त्या अंड्यांत गर्भ वाढला नाही. अन्नात थोडे हिमोग्लोबिन घालताच गर्भ पुन्हा वाढू लागले. याच गटाने दोन्ही प्रकारच्या माद्यांच्या आतड्यांतील आरएनएची तुलना केली, तेव्हा हिमोग्लोबिन असण्या-नसण्याने फारच थोड्या जनुकांची अभिव्यक्ती बदललेली आढळली. बदललेल्यांमध्ये ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे विषारी पदार्थांना आवरणारे एक विकर होते. म्हणजे वंश चालणार की बुडणार इतका फरक ज्या एका पदार्थाने पडतो, त्याच्या अभावाची आतड्यातील जनुकांनी जवळजवळ दखलच घेतली नाही. पचनाची सगळी यंत्रणा पिणे सुरू झाले की ठरल्याप्रमाणे चालू होते, पोटात नेमके काय येत आहे याची ती फारशी चौकशी करत नाही. गोचिडीचे मर्म इथे एखाद्या चालू झालेल्या जनुकात नव्हते. हीम तयार करण्याची जी जनुके तिने उत्क्रांतीच्या ओघात गमावली त्यांच्या रिकाम्या जागेत ते होते. रिकामी जागा अभिव्यक्तीच्या कोणत्याही तक्त्यात वर येत नाही.

औषधांशी याचा थेट संबंध जुळणारी एक गोष्ट सांगून थांबतो, कारण आपल्या प्रश्नामागे गोठा आहे असे मला वाटते. आतड्यातील पेशींत हीमला हीमोसोममध्ये ढकलणारे एक वाहक प्रथिन आहे, त्याचे नाव एबीसीबी१०. ब्राझीलमधील गटाने २०१५ मध्ये दाखवले की अमिट्राझ हे आपल्याकडेही गोचिडींसाठी वापरले जाणारे औषध पेशी याच वाटेने हीमोसोममध्ये नेऊन टाकतात. रक्ताच्या विषापासून वाचण्यासाठी घडलेला हा उकिरडा औषधाच्या विषालाही सामावून घेतो. त्यामुळे अशा वाहकाला अडवणारा पदार्थ औषधाच्या जोडीला देता आला, तर हीम आणि औषध दोन्ही एकाच वेळी पेशीत मोकळे राहतील, हा विचार मला नव्या जनुकांची यादी करण्यापेक्षा अधिक आशादायक वाटतो. मात्र तो पदार्थ गायीच्या पेशींतील तशाच वाहकांना अडवणारा नसावा, आणि तिच्या दुधात उतरणारा तर मुळीच नसावा.